पट्टी सोडण्याआधी

मळमड्डीतल्या मंगल कार्यालयासमोरची ती सकाळ निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी धारवाडला इन्स्पेक्टर होतो. शहरातला एक सेवा क्लब खेड्यांतल्या वृद्धांसाठी मोतीबिंदूचं मोफत शिबिर घ्यायचा. क्लबात वकील, शिक्षक आणि हुबळीचे काही व्यापारी होते. ऑपरेशन इस्पितळात व्हायचं, मग रुग्णांना रात्रभर कार्यालयात ठेवून सकाळी डॉक्टर पट्टी सोडायचे.

क्लबचे सेक्रेटरी, पेशानं वकील, धापा टाकत ठाण्यात आले.

"साहेब, एक आजी सापडेना. चहाला होती. एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्यानं तिला दिसतच नाही म्हणा."

हल्याळकडच्या खेड्यातली ती विधवा बाई. मिसिंगची तक्रार घेतली, वायरलेसवर वर्णन दिलं, बसस्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर माणसं पाठवली. मी कार्यालयात पोचलो तेव्हा तिचे दोन्ही मुलगे आईला घरी न्यायला आले होते. आई नाही म्हटल्यावर त्यांनी आरडाओरडा केला आणि बघता बघता रस्ता भरला.

"डोळे काढून घेतले आणि म्हातारीला गायब केलं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

पहिला दगड खिडकीवर आला. दुसऱ्यानं क्लबमधल्या एका मास्तरांचं कपाळ फुटलं. आत पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं होती. त्यांना बाहेरचं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. एक आजोबा चाचपडत खाटेखाली शिरायला लागले. मी दारावर बंदोबस्त लावला, जादा कुमक मागवली आणि मोठ्या मुलाला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"आईला शोधायचंय की इमारत जाळायचीय? आधी ते सांग."

त्याच्या मुठी आवळलेल्याच होत्या.

एवढ्यात ठाण्यातून फोन आला. वायरलेसची खबर एका हवालदारानं रिक्षा स्टँडवर सांगितली होती. एक रिक्षावाला म्हणत होता, पट्टीवाली म्हातारी आणि तिशीतली एक बाई, अशा दोघींना त्यानं केलगेरी तळ्याजवळ सोडलं. वर्णनाप्रमाणे म्हातारीच्या गळ्यात सोन्याचे मणी होते, आणि समोर तळं. सबइन्स्पेक्टरला ताबडतोब काठावर पाठवलं. मुलांना यातलं काही कळू दिलं नाही.

बायकांच्या खोलीची जबाबदारी क्लबच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंकडे होती. हुबळीच्या कापडबाजारातल्या घराण्यातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. महिला पोलिसाला सोबत घेऊन मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं.

"अक्का, तुमच्यासमोरून परकी बाई आत आली कशी?"

"लक्ष नव्हतं."

"आजी स्वतःहून उठल्या की ओढून नेलं?"

"मी बघितलं नाही."

उत्तरं तुटक येत होती. क्लबमधला जो तो मला "सापडल्या का?" असं विचारत होता. अक्कांनी ते एकदाही विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढं ओढली.

"डॉक्टर म्हणतात, थेंब वेळेवर पडले नाहीत तर तो डोळा जाईल. जबाबदार कोण?"

"थेंब चुकणार नाहीत, साहेब," त्या पटकन म्हणाल्या, आणि थांबल्या.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"ती तिची मुलगीच आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून भावांनी तोडली. आईला भेटली तर दोघींना जिवंत ठेवणार नाही म्हणतात. आजी काल रात्री माझा हात धरून म्हणाली, पट्टी सुटल्यावर मला आधी माझ्या पोरीचं तोंड बघायचंय. मीच फोन करून तिला बोलावलं. थेंबाची बाटलीही दिली. साहेब, मी शब्द दिलाय, मुलांना सांगू नका."

"बाहेर दगड पडलेत, अक्का. मास्तरांचं डोकं फुटलंय."

"ते माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

अक्कांकडून मुलीचा पत्ता घेतला आणि डॉक्टरांना घेऊन मी साध्या गाडीतून केलगेरीला तिच्या घरी गेलो. पोलिसांना बघून मुलीनं दार अडवलं. मी हात जोडले, तेव्हा ती बाजूला झाली. आजी खाटेवर ताठ बसली होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली. आजीनं उजेडाला डोळा मिचकावला, मुलीची हनुवटी धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"केस पिकले की गं तुझे," ती म्हणाली.

जबाब घेताना मी विचारलं, "आजी, मुलांना काय सांगू?"

"सांगू नका. इथंच बोलवा. मला दिसतंय आता. त्यांच्या तोंडाकडं बघून मीच बोलते."

धोका होता. मी फक्त मोठ्याला आणवलं, तेही झडती घेऊन, दोन्ही बाजूंना शिपाई ठेवून. बहिणीला बघताच तो पुढं झेपावला. शिपायांनी आवळून धरलं. आजी उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"ही मेली म्हणून गावाला सांगितलंस. आता मला मारणार? मार की."

त्यानं मान वळवली. तिनं त्याचा चेहरा धरून आपल्याकडं फिरवला. "बघ माझ्याकडं." तो बघू शकला नाही. तसाच उंबऱ्यावर बसला.

मिसिंगची फाइल बंद झाली. सज्ञान बाई स्वखुशीनं मुलीकडं गेली, त्यात गुन्हा नव्हता. दगडफेकीचा गुन्हा मात्र मी दाखल केला, आणि अक्कांनाही चार शब्द सुनावले. डोळा पूर्ण बरा होईपर्यंत आजी केलगेरीतच राहिली. भाऊ-बहिणीचं पुढं जमलं का, मला माहीत नाही. पण मुलीच्या अंगावर कुणी हात टाकला नाही, एवढी खबर मी ठेवली.

बेपत्ता माणसाची तक्रार आली की आम्ही वय, उंची, अंगावरचे कपडे विचारतो. त्या प्रकरणानंतर मी तक्रारदाराला पाणी देऊन आणखी एक गोष्ट विचारू लागलो, "तुमच्या घरात कुणाचं नाव घ्यायला बंदी आहे?" बरेच जण चिडत. काही जण मात्र खाली बघत, आणि मग हळूहळू एक पत्ता सांगत.