शेवंताबाईंची तारीख आणि माझं बाळंतपण

सरकारी नोकरीतल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळते. वकिली करणाऱ्या बाईने रजेचा अर्ज कोणाकडे करायचा? सातवा महिना लागला तेव्हा हा प्रश्न मी आमच्या कुलदेवतेला, माहूरच्या रेणुकामातेलाच विचारला, आणि विचारताना माझ्या स्वरात भक्तीपेक्षा तक्रारच जास्त होती. लातूर नुकतंच स्वतंत्र जिल्हा झालं होतं. जिल्हा न्यायालय आलं, त्यामागोमाग ठिकठिकाणचे वकील आले, रस्तोरस्ती नव्या पाट्या लागल्या. त्या गर्दीत मी एकेक पक्षकार जोडला होता. माझं पोट दिसू लागलं तसे दोघं आपले कागद परत घेऊन गेले. "आता घरी बसा, पाळणा हलवा," असं एक ज्येष्ठ वकील सगळ्यांसमोर गमतीने म्हणाले. मी हसले आणि घरी येऊन रडले.

त्या साली पावसाने दगा दिला होता. देवणीकडच्या एका खेड्यातल्या शेवंताबाई माझ्या पक्षकार. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, गोठ्यात एक देवणी गाय. दिराने सामाईक विहिरीभोवती काट्या टाकून त्यांचं पाणी बंद केलं होतं. त्यांना विहिरीवर जाण्यापासून अडवू नये असा मनाई हुकूम मी कोर्टाकडे मागितला होता, आणि त्याची तारीख नेमकी माझे दिवस भरत येतील तेव्हाची लागली. तारीख पुढे ढकलली तर गाय विकून, घराला कुलूप घालून त्यांना गाव सोडावं लागणार. दुसऱ्या वकिलाकडे दिली तर शेवंताबाई आणि त्यांच्या मागून येणारं अख्खं गाव त्याचंच होणार. मला दोन्ही नको होतं. जमेल तशी मीच उभी राहीन, असा माझा हेका. पण डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि मला कोर्टाची पायरी चढायलाच बंदी केली.

बाळंतपणासाठी आई माझ्याकडे येऊन राहिली होती. मला माहूरला नेऊन देवीची ओटी भरायचा तिचा बेतही डॉक्टरीणबाईंनी मोडला. तेव्हा शुक्रवारी सकाळी तिने वेताची परडी माझ्या हातात दिली. "पाच घरी जोगवा माग. आजवर कुणापुढं हात पसरला न्हाईस. देवीच्या नावानं तरी पसर." जोगवा मागणं आमच्या घरात नवं नव्हतं, पण आजवर ते आईचं काम होतं. काळा कोट घालणारी मी आणि गल्लीत दारोदार! मला लाज वाटत होती. पण आईपुढे कोणाची वकिली चालली आहे?

चार घरी ओळखीच्या बायकांनी पीठ घातलं, कुंकू लावलं. पाचव्या घराला कुलूप होतं. नळाला पाणी येईना म्हणून ती मंडळी लेकीच्या गावी गेली होती. चारवर थांबता येत नाही, म्हणून मी कोपऱ्यावर वळले. तिथे नव्या जिल्ह्यात बदलून आलेल्या अधिकाऱ्यांची घरं होती. पहिल्याच दाराची कडी वाजवली आणि "आई राजा उदो" म्हटलं. माझ्याच वयाच्या बाईने दार उघडलं. तिच्या मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. जोगवा देवीला मानणाऱ्या घरी मागायचा असतो. आपण भलत्याच दारात आलो हे कळून मी ओशाळले आणि माघारी वळले.

"थांबा," ती म्हणाली. "आमच्यात देवीचं न्हाई. पण दारात आलेलं माणूस रिकामं कसं पाठवायचं? त्यात तुम्ही अशा अवघडलेल्या." तिने ओंजळभर ज्वारी घातली, मला आत बसवलं आणि त्या टंचाईत तांब्या भरून पाणी दिलं. मी विचारलं, तुम्ही काय करता? "वकील हाय. नांदेडला प्रॅक्टिस होती. ह्यांची बदली झाली. इथं मला कोण ओळखतं? घरीच बसून राहिले."

आणखी एक वकील, तीही बाई! माझ्यातली वकीलीण म्हणत होती, पाणी पी आणि ऊठ. परडी मांडीवर होती. परडी घेतलेल्या बाईला कसला आलाय मान! "माझी एक तारीख सांभाळाल का?" असं मी म्हणून गेले, आणि म्हटल्याबरोबर छातीवरचं ओझं उतरलं.

तिचं नाव सुजाता. तिने माझ्याबरोबर वकीलपत्रावर सही केली. शेवंताबाईंना मी सगळं समजावलं. त्या सुजाताताईंकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमी म्हणताव तर चालल." तारखेच्या दिवशी सकाळीच मला कळा सुरू झाल्या. दुपारी मुलगी झाली. खरं सांगते, त्या दिवशी मला कोर्टाची आठवणसुद्धा झाली नाही. संध्याकाळी सुजाताताई कोर्टातून थेट दवाखान्यात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हुकूम झाला. विहीर मोकळी."

बारशाला शेवंताबाई गावच्या बायका घेऊन एसटीने आल्या. डोक्यावर फडक्याने बांधलेली कळशी, तीत त्याच विहिरीचं पाणी. "ह्यानं न्हाऊ घाला लेकीला," म्हणाल्या. मी कळशी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. मग मनातली भीती मी विचारूनच टाकली, की मूळ दाव्याची पुढची तारीख आमच्यापैकी कोणी चालवायची. शेवंताबाईंना प्रश्नच वेडगळ वाटला. "दोघींनी. एकीचं लेकरू रडलं तर दुसरी हाय की."

मला त्या दारात देवीने नेलं, असा दावा मी करत नाही. सुजाताताई तर म्हणतात, कडी तुम्ही वाजवली, दार मी उघडलं, एवढंच झालं. असेल. मी मात्र रोज सकाळी रेणुकामातेपुढे हात जोडते. जे मुठीत आवळून धरलं होतं ते तिने सोडायला लावलं, आणि माझं काहीच गेलं नाही. मूल अंगावर पीत होतं तोवर मी निवांत घरी राहिले. माझ्या प्रत्येक पक्षकाराची तारीख सुजाताताईंनी सांभाळली. मी परत कोर्टात गेले तेव्हा आमच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. गर्दीतून वाट काढत एक म्हातारी पुढे आली आणि विचारू लागली, "ते विहीर सोडवलेली वकीलीण कोनती हाय?" आम्ही दोघी एकदमच उठलो.