थांबवून ठेवलेली केस

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, नांदेडच्या धाकट्या बहिणीपुढे नाही. तिला तर माझं झाडून सगळं ठाऊक असतं. मग तुम्हालाच का सांगते आहे? खरं सांगायचं तर तुम्ही समोर बसलेले नाही आहात म्हणून. ऐकताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला बघावं लागणार नाही. म्हणजे सुरुवातच भित्रेपणानं झाली, बघा.

मी हैदराबादेत एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. वडील रेल्वेत लागले आणि देगलूरकडून सिकंदराबादेत आले. आम्ही भावंडं नल्लकुंट्यात वाढलो, आता विद्यानगरात माझा फ्लॅट आहे. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, कॉलेजात इंग्रजी. वॉर्डात कुठल्याही बाईशी तिच्या भाषेत बोलणारी डॉक्टर म्हणून माझं नाव आहे. नव्या मुलांना माझं उदाहरण देतात. देऊ देत बापडे.

परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार आहे. 'क्लिनिकल शिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य' असं त्याचं भारदस्त नाव. प्रत्यक्षात काय होतं? दर हिवाळ्यात त्यांची मुलं इथे येतात, चारमिनारपुढे फोटो काढतात, बिर्याणी खाऊन पोट बिघडवून घेतात आणि मधल्या वेळात आमच्या पेशंटांची पोटं तपासतात. आमची मुलंही तिकडे जातात. ज्यांचे बाप विमानाचं तिकीट काढू शकतात ती. तिथे त्यांना पेशंटला बोट लावायची परवानगी नसते. हात पाठीमागे बांधून भिंतीपाशी उभं राहायचं आणि येताना सर्टिफिकेट घेऊन यायचं. त्यांनी आमच्या माणसांना चाचपायचं आणि आमच्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघायचं—याला सहकार्य म्हणायचं! मी म्हणत होते. सिल्कची साडी नेसून, माइकसमोर उभी राहून म्हणत होते. कराराची समन्वयक मीच होते ना.

आणि हे सहकार्य कितपत छान चाललंय याचं मूल्यमापन होतं. करणार कोण? तेच. त्यांच्याकडून दोन पाहुणे येतात, सगळं बघतात आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते सांगतात. आमच्या डीनसाहेबांना एरवी बंद पडलेली लिफ्ट दिसत नाही, की व्हरांड्यात चटईवर झोपलेले पेशंट दिसत नाहीत. पण पाहुणे येणार म्हटलं की त्यांना एकदम दिसायला लागतं. भिंतींना रंग लागतो, गाद्यांवर कोऱ्या चादरी येतात, शाली आणि मोत्यांच्या माळांची खरेदी होते. आम्ही सगळे मागे मागे धावतो. मी सगळ्यांच्या पुढे धावत होते. करार पुढे चालू राहिला तर तीन महिने तिकडे जायची पाळी माझी होती.

आमच्या पेशात एक रिवाज आहे. परीक्षा जवळ आली की ज्यांच्या अंगावर आजाराच्या ठळक खुणा आहेत असे पेशंट वॉर्डात ठेवून घेतात. हाताला सहज लागणारी वाढलेली प्लीहा, कानाला स्वच्छ ऐकू येणारी हृदयाची घरघर. त्याला आम्ही 'चांगली केस' म्हणतो. म्हणजे माणूस जेवढा बिघडलेला, तेवढी केस चांगली. बहुतेक डॉक्टर पेशंटला विचारून ठेवतात. मीही विचारूनच ठेवत असे.

गयाबाई अशीच चांगली केस होती. देगलूरकडच्या एका खेड्यातली, म्हणजे माझ्या वडिलांच्याच मुलखातली. प्लीहा, तिच्या भाषेत पाणथरी, पार बेंबीपर्यंत उतरलेली. रक्त फार कमी झालेलं. रक्त चढवलं, औषधं लागू पडली, बाई उठून चालायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कोटावरचं आडनाव कुणाकडून तरी वाचून घेतलं असावं. मी राऊंडला गेले तेव्हा शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, "जय भीम, ताई." मीही म्हणाले. तिच्याहून हळू म्हणाले. आजूबाजूला माझे विद्यार्थी होते, म्हणून.

तिला घरी सोडायचं मीच ठरवलं होतं. तिला घाईही होती. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी निशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, आणि पोरीपाशी कुणी नाही. लेकीच्या बाळंतपणाला आई हवी—हे काय मला कुणी समजावून सांगायला हवं होतं?

पण त्याच आठवड्यात पाहुणे यायचे होते. खाटेपाशी चाललेलं शिकवणं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं: त्यांची मुलं पेशंट तपासताहेत, मी शिकवते आहे, असं. आणि नंतर त्याच पेशंटशी बोलायचंही होतं. त्या मुलांची अक्कल मी जोखलेली होती. ज्या पोटावर कुठेही हात ठेवला तरी प्लीहा लागेल असंच पोट मला हवं होतं. ते गयाबाईचं होतं.

मग तिला विचारायचं ना? विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून मी तिच्या खाटेवर टेकले, तिचा हात हातात घेतला आणि आमच्या मराठीत सांगितलं की एक रिपोर्ट यायचा राहिलाय, तो आला की लगेच सोडते.

कुठलाही रिपोर्ट यायचा नव्हता.

एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित मी ते केव्हाच पचवून टाकलं असतं. आम्ही डॉक्टर बरंच पचवतो. सिस्टर मला दारात गाठून म्हणालीसुद्धा, "मॅडम, इनकू तो घर जाने का था ना?" मी म्हटलं, थोडं काम आहे. ती गप्प बसली. माझे ज्युनियर गप्प बसले. वरिष्ठांपुढे मूग गिळून बसायचं हे त्यांना शिकवलं कुणी? मीच. रोज सकाळी गयाबाई विचारायची, "रिपोट आला का, ताई?" आणि मी तिच्याकडे बघून, अगदी आपुलकीनं, नाही म्हणून मान हलवायची. मग ती परदेशी मुलं यायची आणि एकामागून एक तिचं पोट दाबायची. प्लीहा सापडली की त्यांचे चेहरे असे फुलायचे की जणू ती त्यांनीच तिथे ठेवली होती.

पाहुणे आले त्या सकाळी गयाबाई रडत होती. गावाहून शेजारणीचा फोन आला होता. निशाला कळा सुरू झाल्या होत्या आणि फोनमध्ये तिचं ओरडणं ऐकू येत होतं. गयाबाईनं पिशवी भरून खाटेखाली ठेवली होती. मी काय केलं? सिस्टरला सांगून तिचं तोंड धुवून घेतलं आणि पिशवी कपाटात ठेवायला लावली. खाटेखाली सामान बरं दिसत नव्हतं.

पाहुणे दोघं होते. एक पिकल्या केसांचे गृहस्थ, आवाज असा मऊ की समोरच्याला झोप यावी. दुसरी एक तरुण बाई, कुणी काहीही बोललं की मान तिरकी करून ऐकणारी. सहानुभूतीनं ऐकताना मान किती तिरकी करायची हेही तिकडे शिकवत असतील. त्यांच्या मुलांनी पोट तपासलं, मी शिकवलं, सगळं झकास झालं. मग त्या बाईनं गयाबाईशी बोलायला घेतलं. दुभाषी अर्थात मी. तपासताना तुम्हाला आदरानं वागवलं का? आणि त्याला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?

गुण! लेक तिकडे कळा देतेय आणि हिनं इकडे गुण द्यायचे.

मी प्रश्न मराठीत सांगितला. गयाबाईनं गुणांचं काही ऐकलंच नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ताई, त्येंना सांगा, माझी लेक अडलीय. रोज पोट चेपत्यात, म्या काही बोलले नाही. पण रिपोट मागनं पाठवा म्हणावं, मला आत्ता जाऊ द्या. तुम्ही सांगितलं तर ऐकतील ते."

त्या घोळक्यात मराठी कळणारी दोनच माणसं होती. एक ती आणि एक मी.

मी वळले आणि इंग्रजीत म्हणाले, त्या म्हणताहेत की सगळे फार प्रेमानं वागले. एवढे मोठे डॉक्टर इतक्या लांबून आपल्याला बघायला आले, हे भाग्य आहे म्हणताहेत. पाच गुण.

त्या बाईची मान तिरकी झाली. मग डोळ्यांत पाणी का, तिनं विचारलं. मी म्हणाले, कृतज्ञता. इंग्रजीत तो शब्द फार गोड लागतो. बाईचेच डोळे भरून आले. तिनं गयाबाईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आभार मानले.

गयाबाईला वाटलं, काम झालं. तिनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणलेत?"

अजून वेळ गेली नव्हती, नाही का? मी म्हणू शकले असते, जा म्हणालेत, आत्ताच जा. खोटंच बोलायचं होतं तर ते खोटं मला चाललं नसतं का? पण दुपारी डीनसाहेबांना पाहुण्यांसोबत त्याच खाटेपाशी फोटो हवा होता. फोटोत पेशंट लागतो.

"उद्या सोडतो म्हणालेत," मी सांगितलं.

तिनं पाहुण्यांना हात जोडले. त्यांनीही जोडले आणि नमस्ते म्हणाले. तेवढं ते शिकून आले होते.

करार पुढे चालू राहिला. खाटेपाशी चालणाऱ्या शिकवण्याचं फार कौतुक झालं, माझ्या 'रुग्णांशी असलेल्या नात्याचं' त्याहून जास्त. शाल मिळाली. मोत्यांची माळ पाहुण्यांना मिळाली.

आणि मी तिकडे गेले. तीन महिने हात पाठीमागे बांधून उभी राहिले. पंचवीस वर्षं शिकवत आलेली बाई! तिथे एका म्हातारीला त्यांच्या डॉक्टरनं विचारलं, या बाई तुमची तपासणी बघतील, चालेल का? म्हातारीनं मान हलवून नको म्हटलं. बस्स. मला बाहेर जायला सांगितलं आणि माझ्यामागे दार लावून घेतलं. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला गयाबाई आठवली असेल, लाज वाटली असेल. खोटं कशाला बोलू? मला राग आला. ही कोण लागून गेली मला नको म्हणणारी, असं वाटलं. मी अशी आहे. त्या दोन पाहुण्यांना मी एवढी नावं ठेवली, पण त्यांना निदान कळत तरी नव्हतं.

निशाचं बाळंतपण फार जड गेलं. शेजारणीनं तिला उशिरा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. खूप रक्त गेलं. आई पोचली तोवर मुलगी जन्मलेली होती आणि निशा खाटेवर पांढरीफटक पडली होती. दोघी वाचल्या. त्या वाचल्या म्हणून माझं कृत्य हलकं झालं असं मी मनाशी म्हणून बघितलं आहे. ते होत नाही. आणि हे सगळं मला कळलं कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात मी एक फोन करून विचारलंही नव्हतं.

कळलं ते निशाकडूनच. गयाबाई तपासून घ्यायला आली तेव्हा तिला आणि नातीला घेऊन आली. पोर चांगली गुटगुटीत होती. निशा माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, "आई सांगती, तुम्ही त्या गोऱ्या सायबांशी बोलून तिला सोडवलं. न्हाईतर आणिक लई दिवस ठेवलं असतं त्यांनी." गयाबाई शेजारी उभी राहून हसत होती. तिला माझा अभिमान वाटत होता.

तेव्हा खोलीत आम्ही चौघीच होतो. डीन नव्हते, पाहुणे नव्हते, करारही नव्हता. सांगायला काय हरकत होती? तुला ठेवून घेणारी मीच होते, गयाबाई. त्या गोऱ्यांना तर तुला घरी जायचंय हेदेखील ठाऊक नव्हतं—एवढंच तर सांगायचं होतं. मी बाळाला उचलून घेतलं आणि म्हणाले, वजन छान आहे, अंगावरचंच दूध पाजतेस ना?

गयाबाई अजून येते. येताना गावातलं कुणी ना कुणी आजारी सोबत आणते. ती माणसं भेदरलेली असतात, इथली भाषा कळत नाही, कुणाला काय सांगावं ते सुचत नाही. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर ती त्यांना धीर देत असते, दार उघडं असलं की मला आत ऐकू येतं. "घाबरू नका," ती म्हणते. "काय दुखतंय, काय पायजे, समदं ताईला आपल्या भाषेत सांगा. ताई पुढं बरोब्बर सांगत्यात."

मग ती माणसं आत येतात आणि सगळं मला सांगतात.