ओरिजिनल दाखवा

बँकेत मी केवायसीच्या टेबलावर बसते. समोर आलेला माणूस खरंच तोच आहे का, हे कागदांवरून तपासायचं. थोडक्यात, संशय घेण्याचा पगार मिळतो मला. असे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कागद परत केले तरी किस्सा टेबलावरच राहतो. संध्याकाळी नवऱ्याला एक सांगावा, तर सकाळी शटर वर जायच्या आत दुसरा दारात उभा.

आमची शाखा बनशंकरीत, कन्नड मुलखात. माझ्या आडनावावरून मी मराठी हे कळतं, त्यामुळे भागातली मराठी मंडळी थेट माझ्याकडे येतात. आपलं माणूस आहे, जरा सांभाळून घेईल, अशी आशा असते. मी सांभाळून घेत नाही. मग ते दुप्पट चिडतात.

*

सुलोचनाअक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठीत निम्मं कन्नड. त्यांच्या आधारवर ‘सुलोचनाबाई’, पॅनवर ‘सुलोचना आर. राव’ आणि पासबुकात नुसतं ‘एस. बाई’.

“अक्का, सिस्टीमला या तीन वेगळ्या बायका वाटतात,” मी म्हटलं.

अक्का सकाळपासून रांगेत उभ्या होत्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, “तिघी असतो तर एकीला इथं ठेवून दोघी घरी गेलो नसतो का गं? स्वल्प विचार कर की.”

शेवटी तिघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं. दोन दिवसांनी आणलं. नोटरीच्या टायपिस्टनं त्यात चौथंच स्पेलिंग घातलं होतं.

*

देशपांडेकाका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. मध्यंतरी आजारपणात हाताला कंप सुटला, आणि चेकवरची सही जुळेना.

“सही तीच आहे,” काका म्हणाले. “हात म्हातारा झालाय.”

मी अंगठ्याचा पर्याय सुचवला. “माझ्या सहीशिवाय आमच्या वर्कशॉपमधून एक मशीन बाहेर गेलं नाही. आणि आता अंगठा?”

मग कोरा कागद मागून घेतला. कोपऱ्यातल्या बाकावर बसून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून, सही गिरवत राहिले. त्यातली बरी बघून मी नवा नमुना म्हणून नोंदवली. जाताना म्हणाले, “नीट ठेव हो. पुढच्या वेळी ही मलाही जमायची नाही.”

*

संशय काही आम्हीच घेतो असं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला एका आयटी कंपनीत असलेल्या अमेय नावाच्या पुण्याच्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, तुमची केवायसीची मुदत संपत आलीय, शाखेत येऊन जा.

“तुम्ही बँकेतूनच बोलताय कशावरून?”

मी नाव सांगितलं, पद सांगितलं, शाखेचा पत्ता सांगितला.

“हे सगळं गुगलवर मिळतं, मॅडम. फ्रॉडवालेसुद्धा एवढंच गोड बोलतात.”

तसा मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, मग स्वतः येऊन बघा. शनिवारी तो खरंच आला. आऊटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून बाईक हाणत आल्यामुळे शर्ट घामानं भिजलेला. त्यानं माझी नावाची पाटी वाचली, गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, त्यावरचा फोटो आणि माझा चेहरा दोनदा पडताळून पाहिला.

“ओके. तुम्ही रियल आहात.”

“आहे. आता तुमचं आधार आणि पॅन द्या.”

त्यानं खिसे चाचपले. “ते नाही आणलं. मला वाटलं, इथं कोणी नसणारच.”

*

कुलकर्णीकाकूंनी घरूनच व्हिडिओ कॉलवर केवायसी केली. दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच सांगत होत्या. त्या कॉलमध्ये शेजारून कोणी उत्तरं सांगायची नसतात. काकांना ते पटेना. बायको काहीतरी चुकीचं बोलेल म्हणून ते डायनिंग टेबलाखाली जाऊन बसले.

कॉलवरच्या बँकेच्या मुलीनं जन्मतारीख विचारली. काकूंनी विचारलं, “खरी सांगू की कागदावरची?”

मुलगी सावध झाली. “मॅडम, तुमच्याजवळ कोणी बसलंय का?”

टेबलाखालून आवाज आला, “नाही म्हण.”

*

जोगळेकर सर एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेत. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. शाखेत आले की माझ्याशी मराठीत चार वाक्यं बोलल्याशिवाय जात नाहीत. त्या दिवशी आले आणि हिंदीत बोलायला लागले.

“मेरी सब एफडी तोड़नी है. आज ही.”

मी मराठीत विचारलं, “सर, बरं आहे ना सगळं?” त्यांनी हिंदीतच पुन्हा ‘आज ही’ म्हटलं. हात शर्टाच्या खिशावर होता. खिशात फोन, आणि कापडातून त्याचा उजेड दिसत होता. कॉल चालू होता.

हल्ली पोलीस असल्याचं सांगून माणसाला घाबरवतात, फोन बंद करू देत नाहीत, कुणाला सांगू देत नाहीत आणि पैसे दुसरीकडे वळवायला लावतात. आम्हाला त्याचं ट्रेनिंग झालंय. पण सरांना तसं तोंडावर म्हटलं असतं, तर ते उठून गेले असते. फोनवरच्यालाही कळावं म्हणून मीही हिंदीत सुरू केलं.

“पॅन का ओरिजिनल दिखाइए.” त्यांनी दाखवलं. पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल निघालं. हे जुनं आहे, नवं हवं, म्हटलं. नवंही निघालं. सरांची फाईल म्हणजे आदर्श नमुना. फोटो मागितले, वारसाचं आधार मागितलं. सरांचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि माझे नियम संपत आले होते.

“आपका केवायसी पेंडिंग है,” मी म्हटलं.

“पिछले महीने आपने ही किया था!”

“सिस्टम में नहीं दिख रहा. वो फिर से होगा. मैनेजर साहब लंच के बाद आएंगे.”

मॅनेजर काचेमागे बसले होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात खिशातून एक वैतागलेला आवाज स्पष्ट ऐकू आला.

“सर, किसी और बैंक में खाता है क्या आपका?”

सरांनी फोन बाहेर काढला.

“नाही,” ते फोनमध्ये मराठीत म्हणाले. “हे एकच आहे.”

कॉल कापून त्यांनी फोन पालथा ठेवला, माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले.

“हं, बोला. अजून कुठला कागद राहिलाय?”