खापरबुवांचं ‘काही नाही’

जमिनीवरून उचललेली वस्तू खापरबुवा आधी जिभेला लावत. खरंच सांगते, चेष्टा नाही. “चिकटलं तर हाड, सुटलं तर दगड,” असं म्हणून पचकन थुंकायचे आणि तुकडा पिशवीत टाकायचे. मी घाटकोपरच्या चाळीतली, दहादा हात धुणारी मुलगी. पहिल्या दिवशी मला डबाच गेला नाही.

ऐंशीच्या दशकात बोरीवलीच्या पश्चिमेला थोडं आत गेलं की भातशेती लागायची. तिथून पाण्याची मोठी पाइपलाइन जाणार होती. खणण्याआधी त्या पट्ट्यात काही जुनंपानं आहे का, कोरीव दगड, विटा, मडक्यांचे तुकडे, हे चालत जाऊन बघायचं आमच्या पुरातत्त्व खात्याचं काम. दिवसभर खापरं वेचणारे म्हणून ते खापरबुवा. मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांची हंगामी मदतनीस. संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

एकदा वाडीतल्या एका आजीने त्यांना खापर चाटताना पाहिलं. झालं! “अरे देवा, काय वेळ आली माणसावर!” म्हणत ती तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन धावत आली. बुवांनी खुलासा वगैरे काही केला नाही. मांडी घालून बसले आणि सगळी भाकरी खाल्ली. मग तिच्या धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, “आजी, हा जरा उलटा करून बघू?” उलटा केला, तर खाली घोड्यावरचा योद्धा! लढाईत पडलेल्या कुणाचा तरी वीरगळ. “अगं बाई, जन्मभर याच्या पाठीवर लुगडी आपटली मी!” आजी गालात मारून घेऊ लागली. बुवा म्हणाले, “असू दे. लढाईत त्याने यापेक्षा जास्त मार खाल्लाय.”

त्यांचा हट्ट एकच. प्रत्येक शेत उभं-आडवं चालायचं आणि मगच पाहणीच्या तक्त्यात लिहायचं. “गो बाय, सापडलं ते लिहायला अक्कल लागते. ‘काही नाही’ लिहायला पाय लागतात.”

आणि मी नेमकं तेच केलं नाही. तबेल्यामागच्या शेतात मोकळा रेडा उभा होता. मी बांधावरूनच मागे फिरले आणि तक्त्यात ठोकून दिलं, ‘काही नाही’. बुवांनी विश्वासाने सही केली. पंधरा दिवसांनी त्याच शेतात लाल झेंड्या रोवलेल्या दिसल्या. उद्या खणणार! खाली असाच कुणी योद्धा असला तर? आणि सांगितलं तर नोकरी गेलीच. शेवटी राहवेना. बुवांसमोर भडाभडा सगळं बोलून टाकलं.

“रेड्याला मी पण भितो,” एवढंच ते म्हणाले आणि तडक साइटवरच्या इंजिनिअरकडे गेले. “साहेब, एक शेत बघायचं राहिलं. विसरलो मी. उद्या दुपारपर्यंत थांबा.”

इंजिनिअर उखडला. “काय आजोबा, वाट लावलीत ना! झेपत नाही तर घरी बसा.” तेही मजुरांसमोर. बुवा मान खाली घालून ऐकत होते. जन्मभर खापरं वेचणाऱ्या माणसाने हे खापर आपल्याच डोक्यावर फोडून घेतलं आणि मी शेजारी मुकाट उभी. लाज वाटते आजही.

सकाळी तबेलेवाल्याने रेडा बांधला. आम्ही ते शेत उभं चाललो, आडवं चाललो, काटे सारून कुंपणाखालीसुद्धा पाहिलं. दर पावलाला माझा जीव टांगणीला. दुपारपर्यंत काय मिळालं? एक गंजलेला डबा आणि तुटकी चप्पल. बस्स. मी बांधावर बसले आणि सुटले एकदाची म्हणून ढसाढसा रडले. “काही नाही सापडलं म्हणून रडणारी पहिलीच बघतोय,” बुवा हसत म्हणाले. “लिही आता.”

त्या विसरण्याबद्दल त्यांना मेमो आला, अख्ख्या नोकरीतला पहिला. तो घेऊनच ते निवृत्त झाले, गावी गेले. माझी नोकरी टिकली, पुढे कायमही झाली. खरं काय ते ऑफिसात आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी राहिले आणि एक दिवस गावाहून बुवा वारल्याचं कळलं.

ते इंजिनिअरसाहेब कुठे असतील तर त्यांनी हे वाचावं. म्हातारा विसरला नव्हता, साहेब. शेत मी सोडलं होतं.