सागवानी दाराचे कॉलेज

सन दोन हजार चोवीस. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या सावली गावच्या बांध्यांत धानाची कापणी सुरू होती. त्याच दिवसांत माझ्या नातीसाठी कॉलेज पाहायचे ठरले आणि आम्हा चौघांजवळ इतके किस्से जमले, की उभ्या नोकरीत जमले नसतील. किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चार म्हातारे एका कामाला निघाले, की ते आपोआप मागे लागतात.

आम्ही चौघे लाकूड डेपोतले जुने लोक. मी जमादार होतो. चौथी शिकलो. शालिकभाऊ बोलका. डोमाभाऊ चिक्कट. गेडामभाऊ दिवसातून चार शब्द बोलणार. पण लाकडावर बोट वाजवून आतून भरीव आहे की पोकळ, ते सांगणार.

नातीचे नाव संघमित्रा. तिचा बाप राजुऱ्याकडे कोळसा खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली. त्याला सुट्टी मिळेना. म्हणून मी जाणार होतो. मी जाणार म्हणजे हे तिघेही येणार. आमच्याकडे सोयरीक पाहायला कोणी एकटा जात नाही.

*

तिला फिजिओथेरपी शिकायची होती, हे मी चहाच्या टपरीवर सांगितले. शालिकभाऊने कप खाली ठेवला.

"म्हंजे मालिश?"

"मालिश नाई. डॉक्टरकी आहे ते."

"साडेचार वर्षं शिकून मालिशच कराची! आखाड्यात फुकट शिकवते ना भाऊ!"

संघमित्रा मागेच उभी होती. म्हणाली, "शालिकआबा, उजवा हात वर करा."

त्याने केला. हात कानापर्यंत गेला आणि थांबला. डेपोत ओंडके उचलून उचलून खांदा धरला आहे त्याचा.

"कवापासून असा आहे?"

"जवानीपासून."

"मी शिकून आली की पाहीन."

"साडेचार वर्षं असाच वर धरू का मंग?"

*

नवी कॉलेजे झाली की त्यांचे फोन येतात. मला एक मुलगी रोज फोन करी. मला 'सर' म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी सर म्हटले. मला ते आवडले नाही. फी विचारली की ती म्हणे, "सर, आधी व्हिजिट करा."

एकदा डोमाभाऊने फोन हातातून ओढला.

"मॅडम, फी काऊन इतकी?"

"सर, आपल्याकडे एसी क्लासरूम आहेत."

"आमच्या पोरीले पंखा चालते. एसीचे कापा."

"सर, स्विमिंग पूलही आहे."

"ते वैनगंगेत पोहणं शिकली. तेही कापा."

"सर, मी फक्त फोन करते. माझ्या हातात काही नसतं."

"तुमचा पगार कोण देते मॅडम?"

"कॉलेज देतं सर."

"म्हंजे आमच्याच फीतून! तोही कापा!"

त्या मुलीने पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्या दिवसापासून एक मुलगा करू लागला.

*

जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात तिच्या मार्कांवर जागा नव्हती. शेवटच्या फेरीत दोन नव्या कॉलेजांत होती. एकदा फी भरली की परत मिळणार नव्हती. बापाने खाणीतल्या कमाईची सारी शिल्लक बँकेत तयार ठेवली होती. चूक झाली असती तर दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सारी वर्षे भरायला पैसा पुरणार नव्हता.

पहिले कॉलेज स्वस्त होते. दवाखान्याच्या जुन्या इमारतीला टिनाचे शेड जोडले होते. दार प्लायवूडचे, कडी तुटलेली. आम्ही स्वच्छ धोतर नेसून, टोप्या घालून गेलो होतो. कोणी 'या' म्हणाले नाही. बाकावर पेशंट दाटीने बसले होते, आम्हाला टेकायला जागा नाही. प्रिन्सिपल कोण ते विचारले, तर एका माणसाने खाली बसल्या बसल्या हात वर केला. तो एका मजुराचा गुडघा वाकवत होता. पुन्हा त्याने वर पाहिले नाही.

डोमाभाऊ तापला. "पाणी नाई, चहा नाई! इथी पोरगी द्याचीच नाई!"

मलाही अपमान वाटला. निघायचे म्हटले, तर संघमित्रा गायब. शोधली तर आतल्या खोलीत. लकव्याची एक बाई दोन दांड्यांच्या मधून चालायला शिकत होती. तिथल्या विद्यार्थिनीने हिला हाक मारली होती, "ताई, तू इकडून धर." ही धरून उभी. घामाने ओली झालेली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अजून नाव नाई लिहिलं, तं कामाले जुंपली तुले!"

ती हसत होती.

*

दुसरे कॉलेज चंद्रपूरच्या रस्त्याला. फी पहिल्याच्या दुप्पट. पण काय कॉलेज! फरशीत तोंड दिसे. आल्याबरोबर चहा, बिस्किटे आणि प्रत्येकाला पाण्याची सीलबंद बाटली. डोमाभाऊने बाटली न फोडता पिशवीत टाकली.

गेडामभाऊ मोठ्या दारापाशी गेला. बोटाने वाजवले. कान लावला. परत वाजवले. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "सागवान. भरीव."

संपले! स्वस्तातले लाकूड मी कधी घरी नेले नाही. मी तिथेच बोललो, "हेच कॉलेज."

"आबा," संघमित्रा म्हणाली, "मले दार नाई शिकाचं."

"चूप! चांगल्या वस्तूले पैसा लागते."

"इथी पेशंट कुठी दिसले तुमाले?"

"नवं आहे. येतीन."

"तवरोक मी काय करू? बाबाचा पैसा तिसऱ्या वर्षी संपते आबा. मंग?"

 घरात शेवटचा शब्द माझा असतो. फी भरायचा दिवस मी सांगितला.

*

फी भरायच्या दिवशी आम्ही त्या सागवानी दाराच्या कॉलेजापुढे काळीपिवळी जीपमधून उतरलो. संघमित्रा कागद घेऊन ऑफिसच्या रांगेत गेली. आम्ही चौघे फाटकातच उभे होतो, तोच एक क्लार्क धावत आला.

"किती उशीर! चला वरती, चला लवकर!"

आम्हाला वाटले, आपली वाट पाहत होते. वर एका मोठ्या हॉलमध्ये नेले. आधी जेवण. भात, वरण, अंड्याची भाजी. मग प्रत्येकाच्या हातात तीनशे रुपये.

"हे कायचे?" मी विचारले.

क्लार्क पुढे निघूनही गेला होता. डोमाभाऊची छाती फुगली. "मी फोनवर बोललो होतो ना! सूट लागू झाली!"

मग शेजारच्या वॉर्डात नेले. पांढऱ्याशुभ्र चादरी. क्लार्क म्हणाला, "पडा इथं."

"पाहुणचार असावा तं असा!" शालिकभाऊ म्हणाला आणि आडवा झाला. पोट भरले होते, प्रवास झाला होता. आम्हीही पडलो. बाकीच्या खाटांवर आणखी काही म्हातारे होते. मला वाटले, त्यांच्याही नाती असतील.

जरा डोळा लागला असेल. बुटांचा आवाज आला. चारपाच साहेब वॉर्डात शिरले. मागे कॉलेजचे मालक, हात बांधून. कॉलेजची सरकारी तपासणी होती.

एक साहेब शालिकभाऊपाशी थांबले. "बाबा, काय होतंय?"

"हात वर होत नाई."

"शाब्बास," मालक पुटपुटले.

साहेब डोमाभाऊकडे वळले. "केव्हापासून आहात इथं?"

"आताच जेवलो."

मालकांनी घाम पुसला. साहेब गेडामभाऊकडे गेले. त्याने खाट वाजवून पाहिली होती. "लोखंड," तो म्हणाला आणि कूस बदलली.

मग माझ्यापाशी आले. "आजोबा, तुम्हाला काय त्रास?"

मी उठून बसलो. टोपी घातली. "मले काई त्रास नाई. नातीची फी भराले आलो."

मालक साहेबांना पुढच्या खाटेकडे नेऊ लागले.

"मग खाटेवर काय करताय?" साहेबांनी विचारले.

जेवण आणि तीनशे रुपये कशाचे, ते तोवर माझ्या लक्षात आले होते. मी मालकांकडे पाहिले. "साहेब, इथले पेशंट कुठी हायेत ते पाहून राह्यलो होतो. तं मीच निघालो!"

चपला घालून मी खाली आलो, तिघे मागोमाग. संघमित्रा खिडकीशी पोचली होती. मोबाइल हातात, बोट बटणावर.

"आबा, भरू?"

"नाई. टिनाच्या कॉलेजात भर."

"खरंच?"

"गाडी सुटून राह्यली. चाल."

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि माझ्या पुढे चालू लागली. मी तिला थांबवले. मागे वळून तिघांपुढे हात पसरला. शालिकभाऊने आपले तीनशे दिले. गेडामभाऊने दिले. डोमाभाऊ मागे सरकला.

"काऊन द्याचे? इतका वेळ पडून राह्यलो ना! मेहनतीचे हायेत!"

मी हात तसाच ठेवला. त्याने दिले.

क्लार्क जिन्याखाली उभा होता. त्याच्या हातावर मी चौघांचे पैसे ठेवले. वर माझ्याजवळचे, चार जेवणांचे ठेवले.