उशाखालची बॅटरी

सुकन्याला वस्तू उघडून बघायची खोड लहानपणापासूनची. देवणीजवळच्या तिच्या माहेरी रेडिओचे संपलेले सेल पोरं दगडानं फोडायची आणि आतली काळी कांडी काढून भिंतीवर रेघोट्या ओढायची. पोरांचा उद्योग तिथं संपायचा. सुकन्या मात्र कांडी सोडून आतली भुकटी बोटावर घेऊन हुंगत बसायची. ह्यातच होता काय करंट? मग गेला कुठं?

"कार्टे, हात धू आधी, त्याच हातानं भाकर खाशील!" आई ओरडायची. हात धुतला जायचा, प्रश्न तसाच राहायचा.

लग्न होऊन ती लातुरात आली तरी खोड गेली नाही. नवरा दयानंद मोंढ्यात एका आडतीवर कामाला. भूकंपानंतर औशाकडचं गाव सुटलं, तेव्हा त्यानं शहराच्या कडेला एक तुकडा घेऊन घर बांधलं होतं. पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी जिल्ह्याजिल्ह्यातनं एसटीनं उतरायला लागली आणि ज्याच्या घराला जिना, तो खोल्या भाड्यानं द्यायला लागला. दयानंदनंही वर दोन खोल्या काढल्या. त्यात तीन पोरी राहायच्या. त्यांतली नांदेडची मुग्धा सगळ्यात बोलकी.

पोरी आल्या आणि घरात सेलांचा सुकाळ झाला. प्रत्येकीचं गजराचं घड्याळ वेगळं. लोडशेडिंग तर रोजचंच, त्यामुळं प्रत्येकीच्या पुस्तकाशेजारी एक बॅटरी. खाली दयानंदचा रेडिओ, टीव्हीचा रिमोट. पेन्सिल सेल आणून आणून सुकन्या बेजार झाली. संपत आलेले सेल ती गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात मांडायची, घरोघरी मांडतात तसे. तापलेला सेल संध्याकाळी घटकाभर चालायचा आणि पुन्हा मान टाकायचा.

"काकू, कुरडया तळा आणि सेल फेका," मुग्धा म्हणायची, "एखाद्या दिवशी उलटं व्हायचं."

असंच एकदा गंजगोलाईत वीरण्णाच्या विजेच्या दुकानात तिला भिंतीला अडकवायचा चार्जर दिसला. चार सेल पोटात घेऊन बसलेला, लाल दिवा लागलेला.

"वीरण्णा, हे काय भरायलंय त्यात?"

"करंट भरतंय, अक्का. संपला की परत भरायचा. शेकडो वेळा चालतंय."

"मग आपला साधा सेल संपल्यावर त्यात का नाही भरायचा?"

"त्याला लावू नका. फुटतंय ते."

"का फुटतंय?"

"अक्का," वीरण्णानं हात जोडले, "मागं गिऱ्हाईक थांबलंय हो."

सुकन्यानं चार्जर घेतला. आठ सेलही घेतले. घरी दयानंदनं कपाळावर हात मारला. "अगं, एवढ्यात पोतंभर जवारी आली असती!"

"जवारी खाल्ली की संपती. हे संपत नाही."

दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं, तशी पहिला आठवडाभर ती चार्जरसमोर उभी राहायची. लाल दिव्याचा हिरवा झाला की पोरींच्या बॅटऱ्यांत सेल बदलायचे, उतरलेले लावायचे. दोन महिन्यांत सेल आणायचं बंद झालं. दयानंदही मग आडतीवर चारचौघांत सांगू लागला, "आमच्याकडं सेल इकत घेत न्हाईत, भरून घेतात."

घरात फक्त एका बॅटरीला तिचा हात लागला नव्हता. ती सासूबाईंची, म्हणजे तिच्या आत्याबाईंची.

धोंडाबाई भूकंपानंतर पक्क्या छताखाली झोपल्या नव्हत्या. गावाकडं पत्र्याच्या शेडमध्ये, लातुरात अंगणातल्या पडवीत. थंडी असो, पाऊस असो, बाज बाहेरच. आदल्या पावसाळ्यात छाती भरली, डॉक्टरांनी दम दिला, दयानंद पाया पडला, तेव्हा कुठं त्या आत आल्या. अट एकच घातली. उशाखाली बॅटरी राहील आणि तिला कुणी हात लावायचा नाही. रोज दिवेलागणीला त्या ती काढायच्या, भिंतीवर एकदा उजेड टाकायच्या, उजेडाचा रंग न्याहाळायच्या आणि परत उशाखाली. जरा पिवळा वाटला की, "दयानंदा, सेल."

पिवळा म्हणजे तरी केवढा? ते काढलेले सेल रेडिओत अजून महिनाभर चालायचे. सुकन्याला ते बघवेना. रेडिओसुद्धा तिनं आता चार्जिंगच्या सेलांवर घेतला होता, म्हणजे आत्याबाईंचे ते अर्धवट सेल नुसते वाया. नवरात्रात घर झाडायला काढलं तेव्हा तिनं उशी उचलली, बॅटरी उघडली आणि हिरव्या दिव्याचे दोन ताजे सेल आत सरकवले. काढलेले डब्यात टाकले, सोबत चार्ज केलेले आणखी दोन जास्तीचेही. सांगायचं राहिलं. खरं म्हणजे, सांगितलं असतं तर त्यांनी घालू दिले नसते. आणि उजेड तर पहिल्याहून पांढरा पडत होता. दसरा गेला, दिवाळी गेली, बॅटरी रोज भिंतीवर तसाच लख्ख गोल टाकत राहिली. आत्याबाईंनी सेल मागितलेच नाहीत. सुकन्या मनातल्या मनात खूष.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दिवेलागणीलाच लाईट गेले. धोंडाबाई तिळाचे लाडू द्यायला वर पोरींच्या खोलीत गेल्या होत्या, बॅटरी कमरेला खोचलेली. तेवढ्यात बाहेर धडाड आवाज झाला. गडगडत, लांबत गेलेला. खिडकीची तावदानं थरथरली, मांडणीवरचं एक ताट खाली आलं.

"भाइर! भाइर निघा!"

आवाज धोंडाबाईंचा होता, पण तसा आवाज सुकन्यानं कधी ऐकला नव्हता. ती खालून जिन्याकडं धावली. वर आत्याबाईंनी तिघी पोरींना पुढं घातलं होतं आणि मागून बॅटरीचा उजेड पायऱ्यांवर धरला होता. "भिंतीला धरू नका गं, मधनं चला, मधनं!" पोरी निम्म्या जिन्यावर आल्या आणि उजेड गेला. मंद झाला नाही, पिवळा पडला नाही, एकदम गेला. धोंडाबाईंनी बॅटरी हातावर आपटली, झाकण आवळलं, पुन्हा आपटली. काही नाही. त्या अंधारात जिन्यावर खाली बसल्या आणि कुणालातरी हाका मारू लागल्या. पोरींची नावं नव्हती ती.

भूकंप नव्हताच. शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या क्लासची इमारत व्हायची होती, तिच्या पायासाठी टिप्परनं दगडांचा डबर ओतला होता. ड्रायव्हर गेटात येऊन, "ओ, गाडी रिव्हर्स घ्यायलाव, लेकरं बाजूला घ्या," म्हणाला, तेव्हा मुग्धाला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली.

धोंडाबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. लाईट आल्यावर त्यांनी बॅटरी सुकन्यापुढं धरली.

"ह्यात कुठले सेल हाईत?"

"चार्जिंगचे, आत्याबाई. मीच घातलेत. नवरात्रात."

"बरं." एवढंच. मग त्यांनी उशी काखेत मारली, वाकळ खांद्यावर टाकली आणि अंगणातल्या पडवीत बाज टाकली.

"माय, थंडी बघ जरा," दयानंद मागं मागं. "डॉक्टर काय म्हणालते?"

"डाक्टर काय माझ्याबरोबर निजायलाय का?"

दयानंद बायकोकडं वळला. "तुला कुणी सांगितलं हात लावायला?"

पडवीतला खोकला आतपर्यंत येत होता. सकाळी ती नवे, पाकीटबंद सेल घेऊन गेली. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं घातले, उजेड बघितला, मान हलवली. पण बाज हलली नाही. पुढची रात्रही बाहेर. अंगात कणकण आली तरी बाहेर.

सुकन्याला दोन गोष्टी टोचत होत्या. आत्याबाईंना आत आणायचं कसं, ही एक. दुसरी, जी तिला कुणापुढं बोलून दाखवायची सोय नव्हती: रोज लख्ख लागणारी बॅटरी ऐन वेळी मेली कशी? पोरींच्या बॅटऱ्यांत हेच सेल, त्या तर कधी दगा देत नाहीत.

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर तिनं डबा काढला. पोरींच्या तीन सारख्या बॅटऱ्या आणल्या. एकीत आजच भरलेले सेल घातले. दुसरीत नवरात्रात भरून डब्यात पडलेले ते जास्तीचे. तिसरीत आत्याबाईंचे तेव्हा काढलेले साधे, अर्धवट सेल. जवारीच्या कोठीच्या खोलीत खिडकी नव्हती. दार लोटून तिनं तिन्ही बॅटऱ्या पोत्यावर मांडल्या आणि समोर बसून राहिली.

थोड्या वेळानं दार किलकिलं झालं.

"काय करायलीस गं अंधारात?"

"बघायले, आत्याबाई. कोण आधी मरतंय ते."

धोंडाबाई उंबऱ्यावर घुटमळल्या. खोकल्या. मग आत येऊन पोत्याला टेकून बसल्या. भिंतीवर तीन गोल पडले होते. दोन पांढरे, एक जरा पिवळसर.

"तो पिवळा माझा, न्हाई का?"

"हाव. तुम्ही टाकलेला."

दोघी बघत राहिल्या. बघता बघता मधला पांढरा गोल फडफडला आणि गप्पकन गेला. पिवळा आपला मुकाट जळत होता.

"आँ!" धोंडाबाई पुढं सरकल्या. "हा तर लई उजळ व्हता की! कामून गेला?"

"नवरात्रात भरून नुसता ठेवलाता. वापरलाच नाही." सुकन्यानं सेल काढून हातात फिरवले. तिचं तिलाच उमजत होतं. "म्हणजे पडल्या पडल्या गळतोय बघा ह्यातला करंट. फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखा. पोरी रोज वापरतात, मी रोज भरते, म्हणून कळलं नाही. तुमची बॅटरी उशाखाली पडून. रोज डोळा मिचकावण्याएवढी लावायचा, तेवढ्यापुरती लागायची. आणि हे मेले पिवळे पडून सांगतपण नाहीत. साधा सेल बिचारा किती दिवस आधी सांगतो."

"मंग ह्यो काय कामाचा?"

"रोजच्या कामाला चांगला. पडून राहायच्या कामाला नाही."

धोंडाबाईंनी पिवळ्या उजेडात हात धरला, बोटं हलवली. भिंतीवर सावली हलली.

"त्या येळेला," त्या एकाएकी म्हणाल्या, "मी गोठ्यात व्हते. गाय व्याया आल्ती, म्हणून बॅटरी घेऊन गेलते. म्हणून मी राहिले." सुकन्यानं मान वर केली. लग्न झाल्यापासून ह्या घरात तो विषय कुणी काढला नव्हता. "घर बसलं. तुझा सासरा आत, दयानंद परगावी गेलता. आवाज यायलाता, 'धोंडे, हिकडं, हिकडं.' मी दगडं काढायले, बॅटरी दातात धरून. माती अशी उडायलीती, काय दिसंना. उजेड पिवळा झाला. मंग गेला. अंधारात कुठलं दगूड काढावं, कुठलं न्हाई? चुकीचं काढलं तर वरचं खाली यायचं. मी हात आवरला. उजाडंस्तवर बसून राहिले. आवाज आधीच थांबलाता."

कोठीत नुसता जवारीचा वास. सुकन्यानं हातातले सेल पोत्यावर ठेवले.

"मला ठाऊक नव्हतं, आत्याबाई."

"तुला कुणी सांगावं? दयानंदालाबी सांगितलं न्हाई." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तू सेल बदलले त्याचा राग न्हाई मला. इचारलं असतंस तर मी न्हाईच म्हणले असते, तेबी खरं. पण मला वाटत व्हतं की हाय, आन् ते नव्हतं. ते लई वाईट."

"आता मी हात लावणार नाही."

"लाव की. सांगून लाव." पोत्यावरच्या सेलांकडं बोट करून त्या म्हणाल्या, "ते रोजच्या कामाचे म्हणालीस न्हवं? पाटंला मला भाइर जावं लागतंय, त्याला एक येगळी बॅटरी दे मला. ती तुझ्या सेलाची. भरायला माझी मी लावीन. लाल व्हतंय का हिरवं, तेवढं मला कळतंय."

त्या संध्याकाळी धोंडाबाईंनी पडवीतली बाज उचलली. दयानंद आनंदानं पुढं झाला आणि बाज थेट आतल्या खोलीत न्यायला लागला, तर त्यांनी त्याला दारातच थांबवलं.

"हितंच ठिव."

"माय, दारात? निम्मी आत, निम्मी भाइर?"

"घरं बसली, पण चौकटी उभ्या व्हत्या गावात. मी बघितल्यात. डोकं आत असू दे, छातीला वारं लागाया नको. पाय भाइर."

"आणि आम्ही जायचं-यायचं कुठनं?"

"माझ्यावरनं," धोंडाबाई म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

वरून मुग्धा अंगणातल्या रांजणासाठी पाण्याची कळशी घेऊन उतरली, बाजेपाशी थबकली. सुकन्यानं तिच्या हातातली कळशी घेतली, साडी जराशी वर धरली आणि सासूच्या पायांवरून लांब टांग टाकून अंगणात गेली.

"जपून गं," आतून आवाज आला, "सांडशील माझ्यावर."