पयले डब्याले इचारा

आम्ही धानाची माणसं. रोपाच्या पायाशी पाणी उभं दिसलं की आमच्या जिवाला बरं वाटतं. माझी थोरली बहीण तेवढी उलट्या डोक्याची. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी खिळ्यानं भोकं पाडून तिनं त्यात मोगरा लावला होता. कोणी तांब्या घेऊन निघालं की ती आडवी यायची, "पयले डब्याले इचारा!" मग टिचकी मारायची. डबा खणकन वाजला तर पाणी, थप्प वाजला तर नाही.

"काय म्हनते मग तुही सासू?" मी चिडवायची.

"आज नाई म्हनते."

कावीळ झाली तिला. लाखांदूरला एस.टी.नं नेलं, परत बैलबंडीत आणलं, चादरीनं झाकून.

तिचा फोटोसुद्धा नव्हता हो. लग्न ठरलं की काढू, म्हणत राहिले सगळे. तिचं म्हणून जिवंत असं अंगणात तो मोगराच उरला. तो जगला पाहिजे, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं, पण बोलायचं कोणी? तिचा विषय निघाला की बाबा दुपट्टा खांद्यावर टाकून धानाच्या बांधीकडे चालू पडायचे. डोळ्यांत टिपूस नाही. माय म्हणायची, "दगड हाये दगड, तुहा बाप." मलाही तसंच वाटायचं. संताप यायचा त्या माणसाचा.

पाणी वाया जाऊ नये म्हणून मायनं डब्याखाली थाळी ठेवली. थाळीत पाणी साचलेलं दिसलं की मला गार वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पानं पिवळी पडायला लागली. एक दिवस मातीवर युरियाचे पांढरे दाणे दिसले. धान पिवळं पडलं की युरिया फेकायचा, हे आमचं बाळकडू. मायनं टाकले असतील म्हणून मी काही बोलले नाही. चार दिवसांत पानं कडेनं करपली आणि झाड उभ्या उभ्या गेलं.

मायनं डबा उलथा केला. भसकन काळं पाणी आलं, मागून कुजलेली मुळं. अशी घाण सुटली की मी नाक दाबून मागे सरले.

"कोनं घातलं वं इतकं पानी?" माय माझ्यावर खेकसली.

"मी घालत होती, शाळेतून आल्यावर. रोज." मी रडायलाच लागले. "आन् तू?"

"भांडे घासल्यावर," माय हळूच म्हणाली.

बाबा दाराशी उभे होते. खाली बघत म्हणाले, "पहाटे मी घालत होतो, बांधीत जायच्या पयले. युरियाबी मीच टाकला. काय करू मंग? पिवळी पडून रायली होती नं पोरगी."

मोगरा म्हणायचं होतं त्यांना. ते तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. माय चिखलाच्या हातांनीच त्यांच्याजवळ गेली. "काहून नाई बोलले हो?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती.